रत्नागिरीची शिरगणती आणि आपण

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांपैकी मंडणगड तालुक्यात वसले आहे. या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ वर आली. हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२. कर्ते पुरुष मुंबईस गेले. काही आपल्यासारखे सातासमुद्रापार. ग्रामपंचायतीतील अनुसूचित जातींच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. आपली वस्ती ओस पडली की प्रतिनिधित्वही आटते. तथापि निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. म्हणून आम्हांस वाटते, गावी धाडावयाचा निधी केवळ विहाराच्या रंगरंगोटीस न देता, तेथील भगिनींना ग्रामसभेत निर्भयपणे बोलते करण्यासाठी वेचावा. शासनकर्ती जमात होण्याचा प्रारंभ ग्रामपंचायतीपासूनच होतो. जयभीम!