तारा तुटला की कचरा जळला?



२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. अंधार पडल्यावर विदर्भासह महाराष्ट्राच्या अनेक भागांतील लोकांनी एक विलक्षण दृश्य पाहिले. काही जळते गोळे, मागे प्रकाशाच्या शेपट्या ओढीत, आकाशातून संथपणे सरकत गेले. कोणी म्हणाले उल्का, कोणी म्हणाले पेटलेले विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावी, धातूचे एक मोठे कडे येऊन पडले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या ‘लाँग मार्च ३बी’ या चिनी अग्निबाणाचा तो अवशेष असावा, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

त्यानंतर महाविद्यालयात गेलो, तेव्हा मुले मोबाइलवरील चित्रफिती दाखवू लागली. मी विचारले, “किती वाजता दिसले? कोणत्या दिशेकडून कोणत्या दिशेला गेले? किती सेकंद दिसले?” वर्ग गप्प. बहुतेक चित्रफिती तर दुसऱ्याच कोणीतरी पाठविलेल्या होत्या! आपण आकाश पाहतो, पण त्याचे निरीक्षण करीत नाही, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले.

वास्तविक त्या रात्रीचे कोडे सोडविण्यास दुर्बीण नको होती. हातातले घड्याळ पुरे होते. उल्का म्हणजे बहुधा वाळूच्या कणाएवढा किंवा लहान खड्याएवढा तुकडा. तो सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो आणि सुमारे १०० किलोमीटर उंचीवर पेटतो. म्हणून तो एखाद्या सेकंदात दिसेनासा होतो. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूचा वेग मात्र सेकंदाला ८ किलोमीटरहून कमीच असतो. ती तिरकस, जवळजवळ आडवी खाली येते, वाटेत फुटते आणि तिचे तुकडे बराच वेळ एकाच दिशेने जळत जातात. एक सेकंद की अर्धा मिनिट, एवढे मोजले असते तरी वाद मिटला असता.

आकाशातून सरकणारा तिसरा एक दिवा असतो. तो लुकलुकत नाही, शेपटी ओढीत नाही, चारपाच मिनिटांत आकाश शांतपणे ओलांडतो. ते आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक होय. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ९२ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करते. त्याला स्वतःचा उजेड नाही. ते सूर्यप्रकाशात चमकते, म्हणूनच सायंकाळी वा पहाटे दिसते. जून-जुलै २०२५ मध्ये आपले शुभांशु शुक्ला तेथे १८ दिवस राहिले. मूग आणि मेथीचे बी त्यांनी तेथे रुजविले. तेथे दिवसाला सोळा सूर्योदय होतात, झोपायची पिशवी भिंतीला बांधावी लागते, स्नायू व हाडे दुबळी होऊ नयेत म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. मूत्र आणि घाम यांतील पाणीसुद्धा शुद्ध करून पुन्हा प्यायले जाते.

पण कपडे धुण्याची सोय तेथे नाही! मळलेले कपडे आणि इतर केरकचरा रिकाम्या झालेल्या मालवाहू यानात भरतात आणि ते यान वातावरणात सोडून जाळून टाकतात. म्हणजे अवकाशवीरांचा जुना सदरासुद्धा शेवटी कृत्रिम उल्काच होतो. एवढेच काय, १९८४ साली राकेश शर्मा ज्या ‘सॅल्यूत ७’ मध्ये राहिले, ते स्थानकही १९९१ साली जळत खाली आले आणि त्याचे तुकडे अर्जेंटिनात पडले. उपग्रह आणि अग्निबाण जसे वाढतील, तसे असे प्रकाशही वाढतील. ते ओळखता आले नाहीत, तर प्रत्येक वेळी अफवाच पिकतील.

मग उपाय काय? माझी सूचना अगदी साधी आहे. प्रत्येक शाळेने एक ‘आकाशवही’ ठेवावी आणि वर्षातून एक रात्र निरीक्षणासाठी राखावी. ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षाव आपल्याकडे बहुधा ढगांत हरवतो. पण १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन राशीतून येणाऱ्या उल्का मराठवाड्याच्या निरभ्र थंडीत छान दिसतात. शाळेची गच्ची, सतरंजी, कानटोपी, घड्याळ आणि वही, एवढ्यावर भागते.

काही शिक्षकमित्र म्हणतात, “मोठमोठ्या वेधशाळा हे करतातच, आपल्या वहीची किंमत काय?” त्यांनी हे गणित पाहावे. छत्रपती संभाजीनगर आणि लोणार यांच्यात सरळ रेषेत सुमारे १२० किलोमीटर अंतर आहे. समजा, दोन्हीकडील मुलांना एकाच क्षणी एक उल्का क्षितिजापासून ६० अंशांवर दिसली. आपल्याला पूर्वेकडे, लोणारकरांना पश्चिमेकडे. म्हणजे ती दोहोंच्या बरोबर मध्यावर, प्रत्येकापासून ६० किलोमीटरवरील जागेच्या माथ्यावर होती. ६० अंशांचे टॅन १.७३. तेव्हा उंची ६० × १.७३, म्हणजे सुमारे १०४ किलोमीटर! दहावीच्या त्रिकोणमितीने आकाश मोजले. हा आनंद कोणती चित्रफीत देईल? आणि लोणार म्हणजे अशाच एका प्रचंड पाहुण्याने केलेले विवर. तेथील मुलांनी तर यात पुढेच असावे.

माझी आजी म्हणे, “तारा तुटताना पाहू नये.” मी म्हणतो, जरूर पाहावा. फक्त पाहताच दोन गोष्टी टिपाव्यात, वेळ आणि दिशा. पुन्हा कधी आकाशात जळते गोळे दिसले आणि सारा गाव घाबरून अंगणात आला, तर वही उघडून “हे बारा सेकंद दिसले, म्हणून ही उल्का नव्हे,” असे सांगणारा एक तरी विद्यार्थी त्या गावात असावा. तो तुम्हीच का असू नये?