सुरक्षित वाहतुकीचा हिशेब कामाच्या तासांपासून सुरू होतो

२१ डिसेंबर २०२४ रोजी बंगळूरजवळ नेलमंगल येथे मालाने भरलेला एक कंटेनर दुभाजक ओलांडून मोटारीवर कोसळला आणि एकाच कुटुंबातील सहाजण ठार झाले. कुटुंब मूळचे सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याचे. मोटार मजबुतीसाठी जगभर नावाजलेली, पण त्या वजनाखाली तिचा काय पाड लागणार? पुढच्या गाडीने अचानक ब्रेक लावला म्हणून आपण स्टिअरिंग वळवले, असे कंटेनरचालकाने सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले.

त्या चालकाचा न्याय न्यायालय करील. आम्हाला बोलायचे आहे ते अशा बातम्यांतल्या एका ठरलेल्या वाक्याबद्दल: 'चालकाचा ताबा सुटला.' ताबा सुटण्यापूर्वी तो किती तास जागा होता, हे क्वचितच कोणी विचारते. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी एक सेकंद उशिरा पाहिले, तर पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दोन बसगाड्यांएवढे अंतर संपलेले असते.

नेलमंगलवरून जाणारा हाच रस्ता पुढे बेळगाव, कोल्हापूर, साताऱ्यावरून पुण्याला येतो. अंतर सुमारे ८४० किलोमीटर. मालवाहू गाडीला ताशी ८० ची मर्यादा. म्हणजे कुठेही न थांबता साडेदहा तास. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे काम आठ तासांचे ठरवले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला, आठ तास तिथेही आहेत. म्हणजे एका चालकावर ही खेप एका दमात सोपवणारा मालक त्याला वेगाचा नाहीतर तासांचा कायदा मोडायला लावतो. दुसरा चालक ठेवला की खर्च वाढतो, एवढेच खरे कारण!

दुसरे उदाहरण याच रस्त्यावरचे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाजवळ एका मालवाहू गाडीने सुमारे ४८ वाहनांना ठोकरले. ब्रेक निकामी झाले, असे आधी म्हटले गेले. तपासणीत उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे पुढे आले. इंजिन बंद केले की एअर ब्रेकला लागणारी हवा भरत नाही, गिअरचा आवरही जातो. हे चालकाला ठाऊक नसते असे नाही. पण ठरवून दिलेल्या ॲव्हरेजपेक्षा जास्त डिझेल जळाले, तर पगारातून कापणारे मालक आहेत.

आमच्या चालकबंधूंनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'एका रात्रीत पुणे गाठले' ही धाब्यावरची फुशारकी आता पुरे झाली. चालत्या गाडीत मोबाईल कानाला लावणे, उतारावर न्यूट्रल टाकणे, डोळा लागत असताना तंबाखूचा बार भरून रेटत राहणे, याला मालक एकटा जबाबदार नाही. १ जुलै २०२४ पासून हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ती चालकाला होते. डिझेल कापणारा मोकळाच राहतो.

म्हणून पुढच्या करारांत युनियनांनी लांब पल्ल्याला दोन चालक आणि डिझेलकपात बंद, या मागण्या पगारवाढीच्या बरोबरीने ठेवाव्यात. तोवर प्रत्येकाने खिशात एक छोटी वही ठेवावी: गाडी कधी हातात घेतली, कुठे थांबलो, किती झोपलो. मालकाच्या रजिस्टरात हे नसते, आणि उद्या प्रकरण न्यायालयात गेले तर वकील पहिल्यांदा तेच विचारतो.