फरक मोजणारी गोष्ट

औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडिया येतंय. 2023 मध्ये केंद्रानं त्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी पडलेला फरक पकडायचा. दूर कुठंतरी दोन कृष्णविवरं आदळली, की हिंगोलीत कळणार.

मी वाचलेल्या बहुतेक मराठी विज्ञानकथांना मात्र डोळ्यांदेखतचा फरक दिसत नाही. तिथं ‘वेगळा’ म्हणजे परग्रहवासी, नाहीतर रोबो.

1974 मध्ये जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं पाठवली. नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. त्यांनी मोठं नाव झाकलं. शहरात भाड्यानं खोली शोधताना आमच्यातल्या कित्येकांना आडनाव झाकावं लागतं. ती विज्ञानकथा कुठाय?

‘हे सामाजिक झालं, विज्ञान कुठंय?’ असं कुणी म्हणेलच. मी कोड लिहितो. पिनकोड आणि आडनावावरून माणूस ताडणारं मॉडेल एका दुपारी बनवता येतं. हे विज्ञान नाही तर काय आहे?

औंढ्यात आख्यायिका सांगतात: कीर्तन करणाऱ्या नामदेवांना देवळामागं पाठवलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं. चमत्कार बाजूला ठेवा, पण प्रश्न सोडू नका. दारातून कुणाला हटवलं, आणि का?

माणूस म्हणून कुणाला मोजायचं, हाच विज्ञानकथेचा खरा प्रश्न. यंत्र दुधाळ्याला येतंच आहे. गोष्टही तिथूनच सुरू करू.