ग्रहणाला बोल, आईला बोल

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मले, की घरातल्या वडीलधाऱ्या बायका आधी आईलाच विचारतात, 'ग्रहणात काय चिरलं होतंस?' आरोपी सापडायला आपल्याकडे वेळ लागत नाही. खरे कारण शोधायचे राहूनच जाते. ते शोधणारे डॉक्टर देशात थोडे. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. शुभा फडके यांनी वर्षानुवर्षे हेच काम केले. बालरोगांकडून त्या आनुवंशिकीकडे वळल्या आणि तिथल्या विभागाच्या प्रमुख झाल्या.

हे काम यंत्रापाशी सुरू होत नाही. मुलाचा चेहरा, कानांची ठेवण, हातापायांची बोटे निरखायची. मग कागदावर तीन पिढ्या मांडायच्या. कोणाचे मूल तान्हेपणीच गेले, मामाची मुलगी कोणी केली, हे आडपडदा न ठेवता विचारायचे. मामेबहीण करण्याची रीत मराठवाड्यात जुनी. नवरा-बायको दोघे धडधाकट असतात. पण एकाच आजोबांकडून आलेले सदोष जनुक दोघांत लपलेले असेल, तर दर खेपेला चारांत एक धोका उरतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हा हिशेब नव्हे! तो नीट समजावणे हाच या वैद्यकाचा मोठा भाग.

हे सारे धारूरच्या बाईपर्यंत पोचावे कसे? दिवाळीच्या सुमारास या तालुक्यातले कितीतरी कोयते ऊसतोडीला निघतात. बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. तोवर दिवस गेल्याचे बाईच्या ध्यानातही आलेले नसते. असे एक मूल झालेल्या मातांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतले, तर पुन्हा तसे घडण्याचा धोका सुमारे 70 टक्क्यांनी घटतो, हे 1991 सालच्या चाचणीत दिसले. म्हणजे दवाखान्यात नाव घातल्यावर मिळणारी गोळी या कामापुरती उशिराचीच.

शिवाय बीडला गर्भतपासणी म्हटले की लोकांना वेगळेच आठवते. व्यंग ओळखण्यासाठी आलेली विद्या मुली टिपायला वापरली गेली. महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, तरी 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली भरल्या अवघ्या 807. कायदा कडक हवाच. पण खऱ्या व्यंगाची शंका असलेल्या बाईलाही सोनोग्राफीची भीती वाटू लागली, तर तो तिच्यावर दुहेरी अन्याय.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून मुले तपासतात. मात्र आईबापांबरोबर फडावर गेलेले मूल गावच्या अंगणवाडीत सापडायचे कसे? मुकादमाची उचल कोणत्या घरात आली, हे गावाला ठाऊक असते. त्याच घरी आशाताईंनी गाड्या निघण्याआधी जावे, नव्या सुनेला गोळ्या द्याव्यात आणि सासूला समोर बसवून तीन पिढ्यांची चौकशी करावी. त्याला लखनौ लागत नाही.