लिनक्सला डीफ्रॅग लागते का?

शेताचे तुकडे पडले की काय होते, हे नगर जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. वाटण्या होत जातात. एक पट्टी ओढ्याकाठी, दुसरी रस्त्यालगत, तिसरी माळावर. अवजारे घेऊन इकडून तिकडे जाण्यातच दिवस संपतो. म्हणूनच 1947 साली तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला.

फिरत्या हार्ड डिस्कवर हेच घडते. एका फाइलचे तुकडे चार ठिकाणी पडले की ती वाचणारे टोक धावत राहते. हे तुकडे जुळवणे म्हणजे डीफ्रॅग. विंडोज 98 च्या काळात रंगीत चौकोन सरकताना पाहत आपण तासन्‌तास बसलो आणि ती सवय अंगवळणी पडली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत आधार सामान्यतः संपला. विंडोज 11 न चालणारी पण धडधाकट यंत्रे शाळांत, मदरशांत, वाचनालयांत पडून आहेत. ती भंगारात देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स घालावे, असे माझे ठाम मत आहे. लिनक्स घातले की पहिला प्रश्न येतो, "आता डीफ्रॅग कशी करायची?" रोजच्या वापरात ती करायची गरज नाही.

लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी4 ही फाइल व्यवस्था 2008 पासून स्थिर आहे. फाइल आली की ती लगेच मिळेल त्या जागी कोंबत नाही. थोडे थांबते, फाइल किती मोठी होते ते पाहते आणि सलग जागा शोधते. वाटणीच अशी करते की तुकडे कमी पडावेत. त्यासाठी डिस्कवर मोकळी जागा मात्र हवी. डिस्क काठोकाठ भरली की हीही व्यवस्था हतबल होते. हळूहळू वाढणाऱ्या मोठ्या फाइलींचेही तुकडे पडू शकतात. शंका असेल तर ई4डीफ्रॅग हे साधन नुसते तपासणीसाठी चालवा. गुण 30 पर्यंत असतील तर काही करू नका. एसएसडीत तर फिरणारे टोकच नसते. तिथे डीफ्रॅगने फायदा नगण्य आणि झीज मात्र होते.

मग यंत्र मंद का चालते? बहुतेकदा रॅम कमी असते किंवा डिस्क मरायला टेकलेली असते. आणि मरणाऱ्या डिस्कवर डीफ्रॅग चालवणे म्हणजे आजारी बैलाला दिवसभर नांगराला जुंपणे. त्यात ती कायमची बंद पडू शकते.

त्या डिस्कवर मशिदीच्या ट्रस्टचा हिशोब असतो, मुलांचे निकाल असतात, कोणाचे तरी टंकलेले हस्तलिखित असते. ती लोकांची अमानत आहे. त्यामुळे डीफ्रॅगवर पैसे आणि वेळ घालवण्याआधी सगळ्या फाइलींची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढा. मग डिस्कची तब्येत तपासा. उरलेल्या पैशांत रॅम वाढवा किंवा छोटी एसएसडी बसवा. जुने यंत्र आणखी काही वर्षे मुलांच्या कामी येईल.