कागद आणि पाणी

कागदाला चुकून पाय लागला, तर लगेच नमस्कार करण्याची रीत भारतात जुनी आहे. कागद म्हणजे विद्येचे आसन! अशा संस्कारात वाढलेल्या मुलाला, शौचानंतर पाण्याऐवजी कागद वापरणारे लोक जगात आहेत हे कळले, की त्याला प्रथम हसू येते आणि मग किळस वाटते. परंतु हसण्यापूर्वी थोडा विचार करणे बरे.

ही चाल जुन्या चीन देशातील. कागदाची कला प्रथम तेथेच बहरली. सहाव्या शतकात यान झितुई नावाचे एक चिनी पंडित होऊन गेले. ज्या कागदावर प्राचीन ग्रंथांतील वचने किंवा थोर पुरुषांची नावे असतील, तो कागद शौचासाठी वापरण्यास आपण धजत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे कागद वापरणाऱ्यांनाही विद्येची चाड होतीच! पुढे इ. स. ८५१ मधील एका अरबी वृत्तांतात, चिनी लोक पाण्याने धूत नाहीत, कागदाने पुसतात, याची मुद्दाम नोंद झाली. एकाची नित्याची सवय दुसऱ्याला नवलाची वाटते, ती अशी.

अमेरिकेत जुनी वर्तमानपत्रे या कामी येत. १८५७ मध्ये न्यूयॉर्क येथे जोसेफ गायेटी यांनी खास कागद विक्रीस आणला. हा कागद मऊ असतो आणि पाण्यात लवकर विरघळल्यासारखा सुटा होतो. त्यामुळे तो नळात सहसा अडकत नाही. मात्र तो बहुधा लाकडाच्या लगद्यापासून बनतो, म्हणून त्यासाठी झाडे तोडावी लागतात. शिवाय तो संपला, की माणसे कावरीबावरी होतात. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, अमेरिका या देशांत काहींनी कागदाचे गठ्ठेच्या गठ्ठे घरी नेले आणि मागून येणाऱ्यांना दुकानातील फळ्या रिकाम्या दिसल्या.

पाण्याने अंग अधिक स्वच्छ होते, हे खरे. पण तेवढ्यावरून पाणी वापरणाऱ्याने स्वतःला श्रेष्ठ समजू नये. पाणी वापरूनही जो साबणाने हात धूत नाही, तो रोग पसरवतोच. आणि कागद वापरून जो नीट हात धुतो, तो स्वतःबरोबर इतरांचेही रक्षण करतो. रीती देशोदेशी वेगळ्या असणारच. स्वच्छतेची परीक्षा रीतीवरून नव्हे, तर धुतलेल्या हातांवरून करावी.