मोबाइल हाती आहे, पुरावा मात्र नाही



बोंडअळीने पोखरलेल्या पऱ्हाटीचे चित्रण गेल्या हंगामात आम्हीच केले. घरी येऊन पाहिले तर काय? सूर्य समोर, पऱ्हाटी काळी, वाऱ्याचा नुसता घोंगाट. पंचनाम्याला ते कोण विचारणार!

तेव्हापासून आमचे मत पक्के झाले आहे. कॅमेरा धरणे हे डवरा धरण्याइतकेच शिकायचे काम आहे. सूर्य पाठीशी घ्या. भिंगावर धूळ असतेच, ती धोतराच्या सोग्याने पुसा. फोन आडवा, दोन्ही हातांत, कोपरे बरगडीला टेकलेली. आधी सारे वावर, विहीर नाही तर धुऱ्यावरचा लिंब दिसेल असे; वावर कोणाचे ते ओळखू आले पाहिजे. मग एक तास. मग बोंड फोडून आतली अळी, बोटाशेजारी. प्रत्येक ठिकाणी मनात १० मोजेपर्यंत हात हलवू नका. जवळचे दाखवायला बोटांनी चित्र ताणू नका, दोन पावले पुढे जा.

कापूस केंद्रावर तर याची गरज जास्त. सीसीआय ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याला भाव कापते, १२ च्या वर कापूसच घेत नाही. म्हणून गाडीचा नंबर, ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा आणि काटा एकाच सलग चित्रणात घ्या, मध्ये बंद न करता. तुकडे जोडलेत की समोरचा पहिले विचारतो, मधले काय कापले? व्हॉट्सॲपवर पाठवलेले चित्र पुसट होते. मूळ चित्रण फोनमध्ये राहू द्या.

पोरे लग्नाची वरात तासभर काढतात. त्यांना एक दिवस वावरात न्या.